बांधापलीकडची लिपी

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पोखर्णी लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असतं ते नृसिंहाच्या देवस्थानामुळे. गावच्या माणसाला ते आधी काळ्या जमिनीचं गाव असतं. या काळ्या जमिनीत हद्दीची खूण टिकत नाही. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, रोवलेला दगड कलतो आणि काही वर्षांत बुजतो. बांध म्हणजे तरी काय, दोन-अडीच हात रुंदीचा गवताचा पट्टा. शेजाऱ्याने दर पेरणीला एकेक तास आत घेतलं, तर कुणाचा आवाज न चढता बांध सरकत जातो. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात.

बांध कोरला गेल्याचं लक्षात आलं की भांडण, मग मोजणी आणि मग कागद. मराठवाड्यात कागदाची गोष्ट निराळी आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुन्या नोंदी उर्दूत आहेत, काही मोडीत. घराघरात पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेले हे कागद असतात. घरातल्या कुणालाही ते वाचता येत नाहीत, पण टाकवतही नाहीत.

लहानपणी पाहिलेला एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. ओसरीवर सतरंजी, मधे पिवळा पडलेला कागद, त्याभोवती सगळी भावकी. शेजारच्या गावातून एक म्हातारे मास्तर बोलावले होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. त्यांचं बोट कागदावर उजवीकडून डावीकडे सरकत होतं आणि पंधरा-वीस जोडी डोळे त्या बोटामागे सरकत होते. प्रश्न एवढाच होता, आजोबांचं नाव पट्टेदाराच्या रकान्यात आहे की शिकमीदाराच्या? पट्टेदार म्हणजे सरकारदरबारी ज्याच्या नावावर जमीन आहे तो. शिकमीदार म्हणजे त्याच्या हाताखाली जमीन कसणारा, थोडाफार हक्क असलेला. फरक एका शब्दाचा, आणि त्या शब्दावर दोन घरांचं पुढचं सगळं अवलंबून. मास्तरांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली, मागची-पुढची पानं मागितली. घाई करणाऱ्याला ते म्हणाले, “एक पान वाचून सांगायचं नसतं, पोथी पुरी बघावी लागते.”

पुढे आंतरराष्ट्रीय राजकारणावर वाचू लागलो, तेव्हा कळलं की दोन देशांच्या बांधावरही हेच चालतं. आपल्या सरकारच्या हिशेबाने भारत आणि चीन यांच्यातली सीमा ३,४८८ किलोमीटर लांबीची आहे. दोघांनी मिळून मोजलेला, दोघांनी सही केलेला असा तिचा नकाशा नाही. अशा शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याचा कागद त्याच्या लिपीत वाचणारा आपला माणूस लागतो. असं काम केलेल्या माणसांत दोन मराठी नावं येतात, वसंत परांजपे आणि विजय गोखले. मराठी वाचकाला ती फारशी परिचित नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चीनचा कागद वाचण्याचा नाद पुण्याला तसा जुनाच. फर्ग्युसन महाविद्यालयातले पाली भाषेचे प्राध्यापक पु. वि. बापट बौद्ध ग्रंथांच्या मागे लागले, तेव्हा त्यांना आढळलं की मूळ भारतीय ग्रंथ हरवलेत आणि त्यांची चिनी भाषांतरं शिल्लक आहेत. मग ते चिनी शिकले. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ चिनी भाषांतरातून वाचून त्यांनी त्याची विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाशी तुलना केली. तो अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वसंत परांजपे १९४७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठात गेले. त्या काळी बाकीचे हुशार विद्यार्थी विलायतेकडे बघत होते. पेकिंग विद्यापीठात तेव्हा ची श्येनलिन हे संस्कृतचे मोठे अभ्यासक पौर्वात्य भाषांचा विभाग उभा करत होते. म्हणजे एक चिनी माणूस संस्कृत शिकवत होता आणि त्याच आवारात एक मराठी माणूस चिनी गिरवत होता. परांजप्यांना चिनी नाव मिळालं बाय छुनह्वेइ. ‘छुन’ म्हणजे वसंत ऋतू आणि ‘ह्वेइ’ म्हणजे तेज, वसंतातलं कोवळं ऊन. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तसंच्या तसं दुसऱ्या भाषेत उतरलं. ही तीन चिन्हं कागदावर मांडून बघण्यासारखी आहेत. ‘छुन’च्या तळाशी सूर्याचं चौकोनी चिन्ह आहे, मधे आडवी रेघ असलेलं. ‘ह्वेइ’च्या डाव्या अंगाला तोच चौकोन. ‘बाय’ म्हणजे शुभ्र, त्याचा आकारही सूर्याच्या डोक्यावर एक फटकारा दिल्यासारखा. दैनिक वाचायला अशी दोन-तीन हजार चिन्हं डोक्यात पक्की असावी लागतात.

१ एप्रिल १९५० रोजी भारताचे कम्युनिस्टांच्या नव्या चीनशी राजनैतिक संबंध जुळले. परांजपे भारतीय वकिलातीत आले आणि पुढे पंडित नेहरूंचे दुभाषी म्हणून ओळखले गेले. ऑक्टोबर १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले, माओंशी त्यांच्या बैठकी झाल्या, तेव्हा चिनी शब्द नेहरूंपर्यंत पोचवण्याचं काम या मराठी माणसाकडे होतं. निरोपाच्या वेळी माओंनी छू युआन या प्राचीन कवीचा आधार घेतला. ताटातुटीचं दुःख आणि नव्या ओळखीचा आनंद अशा आशयाच्या त्या ओळी होत्या. कवी दोन हजार वर्षांहून जुना, भाषा अभिजात, बोलणारा माओ आणि ऐकणारा नेहरू. दुभाष्याला शब्दकोश उघडायला सवड नसते. तो कवी आधीच वाचलेला असावा लागतो.

परांजपे पुढे स्वतः राजदूत झाले. पण मला त्यांचं मोठेपण दुभाष्याच्या खुर्चीत जास्त दिसतं. ती खुर्ची दोन नेत्यांच्या किंचित मागे असते. छायाचित्रात माणूस अर्धवट दिसतो, खालच्या ओळीत नाव नसतं.

त्याच काळात एका शब्दाने काय होतं हे दाखवणारी घटना घडली. तिबेटवर चीनचा हक्क कोणता? ब्रिटिशांनी मानली होती ती अधिसत्ता. अधिसत्ता म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली शिक्का. स्वतःचं टपाल होतं, रेल्वे होती, पोलीस होते. तरी त्याच्यावर ब्रिटिशांची छत्री होती. ती छत्री म्हणजे अधिसत्ता. सार्वभौमत्व म्हणजे पुरी मालकी, त्यात दुसऱ्याने बोलायचंच नाही. एक शिकमीदाराला जागा ठेवणारा शब्द, दुसरा सगळंच पट्टेदाराच्या नावावर करणारा.

बीजिंगमधले आपले पहिले राजदूत होते सरदार पणिक्कर. त्यांनी दिलेल्या २६ ऑगस्ट १९५० च्या भारतीय टिपणात अधिसत्तेच्या जागी सार्वभौमत्व हा शब्द गेला. ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरलं, भारताने निषेध कळवला. १६ नोव्हेंबरच्या उत्तरात चीनने भारताच्याच ऑगस्टमधल्या टिपणाकडे बोट दाखवलं. कागद तुमचाच, शब्दही तुमचाच. दिल्लीने नंतर खुलासे केले, पण समोरच्याच्या दप्तरात नोंद होऊन गेली होती. गावात म्हणतात तसं, बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं दगडावर.

२९ एप्रिल १९५४ चा करार तर शाळेतल्या इतिहासात पंचशील म्हणून पाठ करून घेतात. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, ‘चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातील व्यापार व दळणवळणाचा करार’. सगळं त्या नावातच आहे. भारताकडून एन. राघवन यांनी सही केली, चीनकडून उपपरराष्ट्रमंत्री चांग हानफू यांनी. कराराने यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांसाठी सहा खिंडींची नावं लिहिली. आपण यातुंग आणि ग्यांत्से इथले आपले रक्षक काढून घेतले, तिबेटातलं टपाल आणि तारखातं सोडून दिलं. बांध मात्र कुठे आहे हे करारात कुठेही आलं नाही. खिंडींचा उल्लेख झाला म्हणजे सीमा मान्य झाली, अशी आपल्याकडची समजूत होती. चिनी बाजूने तसं लिहून दिलं नव्हतं. करार आठ वर्षांचा होता. तो जून १९६२ मध्ये संपला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युद्ध झालं. करारावर सही करणारे चांग हानफू सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत सापडले आणि १९७२ मध्ये गेले. चिनी मुत्सद्द्याचं आयुष्यही सुरक्षित नसतं, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं.

विजय केशव गोखले यांचा जन्म १९५९ चा, त्या युद्धाच्या तीन वर्षं आधीचा. दिल्ली विद्यापीठात इतिहासात एम. ए. केल्यावर १९८१ मध्ये ते भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाले. या सेवेत आलेल्या प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते. तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरीत कायम होता येत नाही. गोखल्यांनी चिनी आत्मसात केली. हाँगकाँग, हनोई, बीजिंग, न्यूयॉर्क अशा नेमणुका झाल्या. १९८९ मध्ये ते बीजिंगच्या वकिलातीत कनिष्ठ अधिकारी होते, आणि तो वसंत ऋतू जगाच्या इतिहासात गेला.

१५ एप्रिल १९८९ रोजी कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस हू याओबांग वारले. सुधारणांच्या बाजूचा माणूस म्हणून विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी ओढ होती. शोक करायला मुलं थ्येनआनमन चौकात जमू लागली. २६ एप्रिलला पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ने पहिल्या पानावर संपादकीय छापलं आणि त्यात या चळवळीला एक शब्द वापरला, ‘तुंगल्वान’. मराठीत दंगाधोपा, बंडाळी असं काहीसं म्हणता येईल. पण चिनी कानाला हा शब्द निराळा ऐकू येतो. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांना तिथे ‘दहा वर्षांची तुंगल्वान’ म्हणतात. म्हणजे पक्षाने या मुलांना सांगितलं की ज्या वर्षांत मुलांनी गुरुजनांना धक्के मारत मिरवलं, घरं फोडली, त्याच पंक्तीत आम्ही तुम्हाला बसवतो. मुलं पेटून उठली. पुढचा महिनाभर त्यांची मुख्य मागणी हीच होती की संपादकीय मागे घ्या, तो शब्द मागे घ्या. आणि एकदा छापलेला शब्द मागे घेणं म्हणजे सर्वोच्च नेते तंग श्याओफिंग यांनी चूक केली असं कबूल करणं. तिथेच सगळं अडलं.

परदेशी वार्ताहरांच्या कॅमेऱ्यांना लोकशाहीच्या घोषणा दिसत होत्या. चिनी वाचणाऱ्याला त्या संपादकीयातला शब्द दिसत होता, आणि पक्षाच्या आत कोण कुणावर मात करतोय हेही त्या शब्दावरून दिसत होतं. मेच्या मध्यावर गोर्बाचेव्ह येऊन गेले, १९ मेच्या पहाटे पक्षाचे सरचिटणीस चाओ झियांग मुलांना भेटायला चौकात आले आणि नंतर सार्वजनिक जीवनातून नाहीसेच झाले, २० मेला लष्करी कायदा लागू झाला. ३ जूनच्या रात्री रणगाडे निघाले. सर्वाधिक माणसं मेली ती चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर, विशेषतः पश्चिमेच्या मूशीदी भागात. ७ जूनला सैनिकांनी च्यानक्वोमनवाय इथल्या परदेशी वकिलातींच्या वसाहतीवरही गोळ्या झाडल्या.

गोखले तेव्हा तिशीचे होते. या सगळ्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं ते २०२१ मध्ये, बत्तीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर. त्यात पाश्चात्त्य वार्ताहरांनी घाईने काढलेल्या निष्कर्षांना त्यांनी प्रश्न विचारले आहेत. काहींना ते पटलेलं नाही. मला स्वतःला वाटतं की रस्त्यावर सांडलेल्या रक्ताची जबाबदारी अशा विश्लेषणाने कमी होत नाही, आणि होऊही नये. पण एका भारतीय अधिकाऱ्याने तो उन्हाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, चिनी कागद वाचून, कुणाच्या चष्म्याशिवाय लिहिला, याचं मोल मी फार मानतो. आपल्याकडे चीनविषयी बहुतेक माहिती लंडन आणि न्यूयॉर्कहून वळसा घालून येते.

पुढची वर्षं थोडक्यात सांगतो. तैपेईमध्ये भारताच्या प्रतिनिधी कार्यालयाचे ते प्रमुख होते. तिथे आपली वकिलात नाही, कारण तैवानला आपण देश म्हणून मान्यता देत नाही. पण काम जवळजवळ तेच. नंतर परराष्ट्र मंत्रालयात पूर्व आशियाचे सहसचिव, मलेशियात उच्चायुक्त, जर्मनीत राजदूत, आणि जानेवारी २०१६ मध्ये चीनमध्ये राजदूत.

त्यांच्याच कारकिर्दीत डोकलाम झालं. जून २०१७ मध्ये भूतानचा दावा असलेल्या पठारावर चिनी तुकडी रस्ता करू लागली आणि भारतीय जवान आडवे उभे राहिले. बहात्तर-त्र्याहत्तर दिवस दोन्ही सैन्यं हाताच्या अंतरावर होती. चिनी वर्तमानपत्रं रोज १९६२ ची आठवण देत होती. २८ ऑगस्टला तोडगा निघाला. त्या दिवशीची दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचावीत. भारताने म्हटलं, समोरासमोर आलेल्या जवानांना मागे घेण्याचं ठरलं आहे. चीनने म्हटलं, भारतीय सैनिक माघारी गेले आणि आमचं सार्वभौमत्व आम्ही बजावत राहू. दोन देशांनी एका घटनेचे दोन कागद काढले, आणि प्रत्येकाने आपल्या लोकांना दाखवण्यापुरतं आपल्या कागदात लिहून घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पंतप्रधान ब्रिक्स परिषदेसाठी शियामेनला गेले. असा शब्द काढणं, जो दोघांनाही घरी नेता येईल, हे मुत्सद्द्याचं खरं कसब आहे. रणांगणावरच्या पराक्रमाला पदक असतं. या कामाला ते नसतं.

२९ जानेवारी २०१८ ला गोखले परराष्ट्र सचिव झाले आणि दोन वर्षं त्या पदावर राहिले. वूहान आणि मामल्लपुरम इथल्या मोदी-शी भेटी याच काळातल्या. देशातल्या सर्वसामान्य माणसाने त्यांचा चेहरा पाहिला तो मात्र २६ फेब्रुवारी २०१९ ला. पाकिस्तानातल्या बालाकोटवरच्या हवाई कारवाईची बातमी त्यांनीच निवेदन वाचून देशाला दिली. कारवाई लष्करी ठाण्यांवर नाही, संभाव्य हल्ला टाळण्यासाठी आहे, असं त्या निवेदनात होतं. आवाजात चढउतार नाही. प्रश्न घेतले नाहीत.

त्याच वर्षी एक जुना खटला निकालात निघाला. ‘जैश-ए-महंमद’चा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालावं म्हणून भारत २००९ पासून प्रयत्न करत होता. चीन पुन्हापुन्हा तांत्रिक स्थगिती घालत होता. मार्च २०१९ मध्ये, पुलवामाच्या हल्ल्यानंतर महिन्याने, पुन्हा स्थगिती आली. एप्रिलमध्ये गोखले बीजिंगला जाऊन परराष्ट्रमंत्री वांग यी यांना भेटले. १ मे रोजी नाव यादीत गेलं. अर्थात एका भेटीने झालं असं नव्हे. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन यांनी प्रश्न थेट सुरक्षा परिषदेत आणायची तयारी केली होती, आणि तिथे उघडपणे हात वर करून एकट्याने नकार देणं चीनला नको होतं.

टेबलाच्या पलीकडचे वांग यी कोण? त्यांची गोष्ट गोखल्यांच्या गोष्टीशेजारी ठेवावी अशी आहे. जन्म १९५३, बीजिंग. शाळेनंतर सांस्कृतिक क्रांतीत त्यांना ईशान्येकडच्या हेइलुंगच्यांग प्रांतात शेतीकामाला धाडलं गेलं. रशियाला लागून असलेल्या त्या कडाक्याच्या थंडीत त्यांची सुमारे आठ वर्षं गेली. १९७७ च्या सुमारास विद्यापीठांची दारं पुन्हा उघडली, तेव्हा ते जपानी भाषा शिकायला बीजिंगला परतले आणि १९८२ मध्ये परराष्ट्र खात्यात लागले. गोखल्यांच्या एक वर्ष मागून. सासरे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या कार्यालयात परराष्ट्र व्यवहाराचे सचिव राहिलेले. पुढे जपानमध्ये राजदूत, मग तैवानविषयक कार्यालयाचे प्रमुख, २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री. भारताशी सीमाप्रश्नावर बोलणारे विशेष प्रतिनिधीही तेच.

दोघेही भाषेच्या वाटेने वर आलेले, दोघांनीही तैवानचं नाजूक काम सांभाळलेलं. फरक पाठीमागच्या व्यवस्थेत आहे. आपल्याकडे सीमेच्या बोलण्यांसाठी ब्रजेश मिश्र, ज्यो. ना. दीक्षित, एम. के. नारायणन, शिवशंकर मेनन, अजित डोवाल असे प्रतिनिधी बदलत गेले. पलीकडे २००३ पासून दहा वर्षं एकटे ताय बिंग्वो बसत होते. नवा माणूस आला की त्याला दप्तर पहिल्यापासून उघडावं लागतं. समोरच्याला आठवतंच असतं.

चीन वाटाघाटी कशा करतो यावर गोखल्यांनी ‘द लाँग गेम’ हे पुस्तक लिहिलं. त्यात सहा प्रकरणांची उलटतपासणी आहे, नव्या चीनला दिलेल्या मान्यतेपासून अझहरपर्यंत. चिनी बाजू आधी तत्त्व मान्य करून घेते, तपशील मागून आणते. बोलणी शक्यतो आपल्या घरी ठेवते. समोरच्याला आधी बोलू देते. जुन्या मैत्रीचा उल्लेख करते आणि त्या मैत्रीच्या नावाने मागणंही मांडते. हे शेवटचं महाराष्ट्राला जवळून पाहता येतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. २००६ मध्ये हू चिंताओ आणि २०१३ मध्ये ली खछ्यांग मुंबईला आले, तेव्हा दोघांनीही कोटणीसांच्या कुटुंबीयांची भेट घेतली. कोटणीसांविषयी चिनी माणसाच्या मनात असलेली कृतज्ञता खरी आहे, त्यावर शंका घेणं अन्यायाचं होईल. पण ती कधी आणि कुणाच्या हातून व्यक्त करायची याचं टाचण त्यांच्या परराष्ट्र खात्यात असतं, आणि आपल्या खात्यात त्याच्या तोडीचं टाचण क्वचितच असतं.

सहा प्रकरणांतलं सिक्कीमचं प्रकरण मला सर्वात जवळचं वाटतं, कारण ते सातबाऱ्याच्या भाषेत समजतं. सिक्कीम १९७५ मध्ये भारताचं राज्य झालं, चीनने ते मानलं नाही. त्यांच्या नकाशात तो स्वतंत्र देश राहिला. २००३ मध्ये पंतप्रधान वाजपेयी बीजिंगला गेले. नथू ला खिंडीतून व्यापार सुरू करायचं ठरलं. मसुद्यात दोन्ही बाजूंच्या बाजारपेठांची नावं घालायची होती. चीनकडची रनछिंगकांग, तिबेट स्वायत्त प्रदेशातली. आपल्याकडची छांगू. आणि छांगूपुढे लिहिलं गेलं, ‘सिक्कीम राज्यातील’. मान्यता देतो असं कुठेही लिहिलेलं नाही. फक्त गावाचा पत्ता लिहिलाय. पण ज्या देशाशी करार करतोय त्याच्या बाजूचं गाव ‘सिक्कीम राज्यात’ आहे असं लिहून सही केली की सिक्कीम कुणाच्या खात्यावर हे ठरलंच. त्याच भेटीत आपण तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं स्पष्टपणे मान्य केलं, ही त्याची किंमत. पुढच्या वर्षी चिनी वार्षिकीतल्या देशांच्या यादीतून सिक्कीम गेलं. एप्रिल २००५ मध्ये पंतप्रधान वेन च्यापाओ दिल्लीत आले, तेव्हा त्यांनी सिक्कीम भारतात दाखवणारा नकाशाच हाती दिला. ६ जुलै २००६ ला खिंड उघडली. १९५४ मध्ये आपण खिंडींची नावं लिहून सीमा मिळाली असं धरून बसलो होतो. या वेळी गावाचं नाव लिहिताना त्याचा पत्ताही लिहून घेतला.

निवृत्तीनंतर गोखले पुण्यात राहतात. २०२४ मध्ये त्यांचं ‘क्रॉसविंड्स’ आलं, नेहरू, चौ एन-लाय आणि ब्रिटन-अमेरिकेची चीनवरून चाललेली चढाओढ यावर. सत्तर वर्षांपूर्वीच्या तारा, टिपणं, इतिवृत्तं त्यांनी पुन्हा उघडली आहेत. आपण कुठे तयारीशिवाय बसलो, कुठे दिल्लीतल्या एका खात्याचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं, हे ते आपल्या माणसांना न दुखावता पण न लपवता सांगतात. ही पुस्तकं मूळ इंग्रजीत आहेत. मराठी मुलाच्या हाती ती त्याच्या भाषेत पडावीत असं मला फार वाटतं, कारण या कामाला पुण्या-दिल्लीतच जन्मावं लागतं असं नाही. परभणीच्या शाळेतल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात ती तीन हजार चिन्हं बसू शकतात.

ओसरीवरच्या त्या दिवशी मास्तरांनी सगळी पानं वाचून होईस्तोवर दिवे लागले होते. आजोबांचं नाव पट्टेदाराच्या रकान्यात निघालं. बांधाच्या पलीकडच्या दोन एकरांवर मात्र शिकमीदार म्हणून. मास्तरांनी दोन्ही गोष्टी सारख्याच आवाजात सांगितल्या. निघताना त्यांनी कागद घडी घालून फडक्यात बांधला आणि आम्हा पोरांकडे बघून म्हणाले, सुट्टीत या कुणीतरी, महिनाभरात वाचायला शिकवतो. आम्ही कुणी गेलो नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामाच्या काळातलं दप्तर तपासायची वेळ आली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं.